खांद्यावरच्या रेघा आणि अर्धं पोतं कोको

माणसाची स्वतःच्या अंगाशी खरी ओळख कधी होते म्हणाल, तर राजा व्हायची वेळ आली की. तोवर आपण सदऱ्याच्या आत सुखाने नांदत असतो. मी घानातल्या कुमासी शहरात एका विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसतो. लोकांच्या गाड्यांना कुठे पोचा आला, कुठे ओरखडा उठला, याची मला बारीक पारख आहे. पण स्वतःच्या खांद्याला काय झालंय, हे मला पन्नाशी जवळ येईपर्यंत माहीत नव्हतं.

राजा म्हणजे अगदी मोठा राजा नव्हे हो. उगाच गैरसमज नको. आसूबोआ हे आमचं गाव. एक चर्च, एक मशीद, कोको विकत घेणाऱ्यांची एक पत्र्याची शेड, आणि बाकी नजर जाईल तिथवर कोकोची झाडं. या गावाची गादी माझ्या मामाकडे होती. आमच्यात गादी बापाकडून मुलाकडे जात नाही, मामाकडून भाच्याकडे जाते. म्हणजे बसतो पुरुष, पण गादी चालत येते बायकांच्या पोटातून. त्यामुळे कुणाला बसवायचं हेही गावची राणीमाता ठरवते. आमच्या राणीमाता म्हणजे नाना आफ्राकोमा. नाना हा आमच्याकडे मानाचा शब्द, बाई असो की बुवा. त्यांचं वय किती, हे विचारायची गावात कुणाची छाती नाही.

मामा गेला. भाचे दोघे उरले. एक मी, याओ जाम्फी, आणि दुसरा माझा मावसभाऊ बोआहेन. बोआहेन माझ्यापेक्षा उंच, आवाजाने खणखणीत, आणि कातडी अशी की लहानपणी झाडावरून पडला तरी ओरखडा झाडालाच उठायचा. त्याने गादी मिळण्याआधीच ओढ्याकाठची जमीन सोनं खणणाऱ्यांना द्यायचं कबूल करून टाकलं होतं. त्यांची यंत्रं एकदा आली की कोको राहत नाही, ओढा राहत नाही. पिवळ्या चिखलाचे खड्डे राहतात. आणि ओढ्याकाठची झाडं कुणाची? माझ्या आईची. तिच्या आईने लावलेली, तिने जगवलेली. जमीन गादीची, म्हणून गादीवर बसणारा नाही म्हणाला तरच झाडं वाचणार.

राणीमातांनी माझं नाव घेतलं, तेव्हा आई फार काही बोलली नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "याओ, माझी झाडं." आणि फोन ठेवला. एरवी माझी आई कोंबडीच्या अंड्याची हकिकतही अर्धा तास सांगते.

आता घोडं कुठे अडलं ते सांगतो. आमच्याकडे गादीवर बसणाऱ्याच्या अंगावर व्रण, वळ, वैगुण्य चालत नाही. आणि ते झाकूनही ठेवता येत नाही. कारण शपथेच्या दिवशी अंगावर शर्ट नसतो, केन्ते असतं. हातमागावर विणलेलं ते भलंमोठं वस्त्र अंगाभोवती गुंडाळून डाव्या खांद्यावर टाकायचं. उजवा खांदा उघडा. आणि तालुक्याच्या मोठ्या राजांसमोर गेलं की मान म्हणून डावा खांदाही उघडा करायचा, वस्त्र कमरेपर्यंत उतरवायचं, आणि तसं उघड्या अंगाने शपथ घ्यायची. सारं गाव बघत असतं. आमच्याकडे थोरांपुढे खांदा झाकून उभं राहणं म्हणजे त्यांच्या तोंडावर दार आपटण्यासारखं आहे.

मामाचं केन्ते घरी आणलं आणि बायकोसमोर, आरशासमोर, तालीम म्हणून ते खाली उतरवलं. माझी बायको पोकुआ शिवणकाम करते. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या, तेव्हाच मला कळलं की काहीतरी गंभीर आहे.

"अहो, हे काय?"

उजव्या खांद्याला देवाने माफ केलं होतं. पण डाव्या खांद्यापासून काखेवरून, पाठीच्या कडेने थेट पोटापर्यंत फिकट, तिरप्या रेघा उठल्या होत्या. एक नाही, दोन नाही. जणू कुणी बारीक छडीने निवांत बसून झोडपलं होतं. मी हादरलोच.

"मला कुणी मारलंय का गं?" मी विचारलं.

"तुम्हाला माझ्या फुफूने मारलंय," पोकुआ म्हणाली. फुफू म्हणजे उकडलेले कंद कुटून केलेला आमचा रोजचा गोळा. "लग्न झालं तेव्हा काडी होतात. वर्षभरात ढोल झालात. कातडीला दम नको घ्यायला? मांस वाढल्याच्या रेघा आहेत त्या."

"पण लांबून वळ वाटतात."

"वाटतात खरं." मग तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की आरसाही बाजूला व्हावा. "तीन पोरं झाली. माझ्या पोटावर सगळ्या घाना देशाचा नकाशा उमटला, नद्यांसकट. तेव्हा कुणी आरशासमोर उभं राहून हाय खाल्ली नव्हती."

मी विषय बदलला. पुरुषाला विषय बदलता आला पाहिजे.

दुकानातून एक बाटली आणली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, कोको बटर, रेघांवर गुणकारी. मागे बारीक अक्षरांत घटक वाचले, तर कोको सगळ्यांत शेवटी, अत्तराच्याही मागे. आणि बाटली आली होती अशा देशातून, जिथे कोकोचं एक झाड उगवत नाही. माझा स्वाभिमान जो उसळला, तो उसळला. ज्याच्या आजीने कोको लावला, ज्याची फी कोकोवर भरली गेली, ज्याच्या वडिलांची तिरडीसुद्धा कोकोच्या हंगामाची वाट बघत थांबली होती, त्याने कोकोसाठी परदेशाचं तोंड बघायचं? छे! मी जाहीर केलं, "लोणी मी घरी काढणार. शुद्ध. आईच्या झाडांचं."

आमचं घर म्हणजे अंगणाभोवती खोल्या असलेला वाडावजा चौक. जाहीर करायला आवाज चढवावा लागत नाही. लगेच सल्ले सुरू झाले.

फाटकाशी हाज्या, म्हणजे हजला जाऊन आलेली, रामातू बसते. ती उत्तरेकडची, शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी विकते, आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर तिच्याकडे शियाच असतं. तिने हातावर हात मारला. "कोको? मिस्टर जाम्फी, कोको प्यायचा असतो. अंगाला शिया लावतात. माझ्या आजीच्या अंगावर ऐंशीव्या वर्षी सुरकुती नव्हती."

"तुमच्या आजीला गादीवर बसायचं होतं का?"

"बसायचं असतं तर बसलीही असती," हाज्या म्हणाली.

घरमालक आक्रासीबाबा निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांच्या मते जगातली प्रत्येक अडचण ही मुळात दाबाची अडचण असते. ते डोळे मिटून म्हणाले, "बियांत लोणी आहे. ते बाहेर यायला तयार नाही. म्हणजे दाब कमी पडतोय. दाब माझ्यावर सोपव."

शनिवारी मी गावी गेलो. आई अंगणात चटईवर बिया उलट्यापालट्या करत बसली होती. वाळलेल्या बियांचा तो करकर आवाज ऐकला की माझं पोट अजूनही शाळेच्या सुट्टीसारखं हलकं होतं. मी तिला सांगितलं.

"अंगाला? कोको?" आईने हात थांबवला. "बरा आहेस ना तू?"

"आई, यात लोणी असतं."

"असेल बाबा. आम्ही पिकवतो, आंबवतो, वाळवतो, शेडमध्ये देतो. पुढे गोरे लोक त्याचं काय करतात, कोण बघायला गेलंय." तिने तरी अर्धं पोतं भरून दिलं. माझ्या आईची हीच गंमत आहे. वेड्यात काढते आणि वर पोतंही बांधून देते.

परतीच्या वाटेला ट्रोट्रोत बसलो. ट्रोट्रो म्हणजे आमची वडाप, पण जास्त माणसं आणि कमी खिडक्या. ड्रायव्हर एन्टी आमच्याच गावचा. नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली. साहेब छत्रीखाली बसून भाजलेलं केळं आणि शेंगदाणे खात होते.

"पोत्यात काय?"

"कोको आहे साहेब. घरचा."

"घरचा कोको गावच्या शेडमध्ये जातो. शहरात कुणाला विकायला चाललात? हद्दीपार न्यायचाय का?"

"विकायचा नाही साहेब. अंगाला चोळायचाय."

साहेबांनी केळं खाली ठेवलं. "मी या नाक्यावर केस पिकवले. लोकांनी मेलेल्या आजीच्या पेटीत भरून कोको नेलेला मी पाहिलाय. उशीत, टायरमध्ये, बाईच्या पोटाला बांधून. पण अंगाला चोळायचा, हे नवीन आहे. पुरावा?"

आता पुरावा काय देणार? मी विम्यातला माणूस. नुकसानीचा पुरावा म्हणजे नुकसान, एवढंच मला ठाऊक. भर रस्त्यात, ट्रोट्रोतली सगळी माणसं, बाजूच्या दोन ट्रकवाल्यांसह, बघत असताना मी शर्टाची बटणं सोडली. साहेब उठले. माझ्याभोवती एक फेरी मारली. मी दाव्यासाठी गाडीभोवती मारतो, अगदी तशी.

"अरे बापरे," ते हळूच म्हणाले. मग आणखी हळू, "माझ्या बायकोलाही आहेत. पोटावर. जा घेऊन. आणि गुण आला तर थांबून सांगून जा."

मला त्या माणसाबद्दल भरून आलं. माझी अब्रू गेली होती, पण पोतं सुटलं होतं. एवढंच लक्षात आलं नाही की एन्टी गाडीच्या आरशातून बघत होता, आणि त्याला शब्द ऐकू गेले नव्हते. त्याला फक्त दिसलं होतं, की पोलीस आहे, जाम्फी आहे, शर्ट काढलेला आहे, आणि पाठीवर वळ आहेत.

घरी बिया लोखंडी कढईत भाजल्या. इथवर उत्तम. सालं काढता काढता माझी नखं आणि पोकुआचा संयम दोन्ही संपली. मग कुटायचं कशात? फुफू कुटायची उखळ होती. पोकुआ म्हणाली, "माझ्या उखळीला हात लावाल तर बघा." ती गिऱ्हाइकाचं माप घ्यायला गेली, आणि मी उखळीला हात लावला. दुसऱ्या दिवशी जेवायला फुफू आलं, ते तपकिरी आणि कडू. तिन्ही पोरं माझ्याकडे बघत मुकाट्याने गिळत होती.

कुटून झालेला काळा लगदा कापडात बांधून पिळला. काही नाही. दगड ठेवला. काही नाही. गरम केला, पुन्हा पिळला, हाताला चटके बसले, थेंब नाही. तेव्हा आक्रासीबाबा आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांच्या हातात त्यांच्या जुन्या मोटारीचा जॅक होता. मोटार गेली, जॅक राहिला, असं ते नेहमी हळहळून सांगतात.

"दाब," ते म्हणाले.

सिमेंटच्या जिन्याखाली पातेलं ठेवलं, पातेल्यात गाठोडं, गाठोड्यावर फळी, फळीवर जॅक, आणि जॅकचं डोकं जिन्याच्या पोटाला टेकवलेलं. बाबांनी दांडा फिरवला. जिना कण्हला. वरच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं. हाज्या रामातू धंदा सोडून बघायला आली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली. बाबांनी शिट्टी वाजवल्यासारखं तोंड केलं आणि आणखी एक फेरा दिला.

आणि ते आलं.

आधी कापडाला घाम फुटला. मग एक थेंब. मग धार, बारीक, सोनेरी, उन्हात धरलेल्या मधासारखी. आणि वास! आमच्या अंगणात वर्षानुवर्षं कपडे धुतलेल्या पाण्याचा, माशांचा आणि रॉकेलचा वास होता. तिथे एकाएकी असा काही गोड, गरम, खोल वास पसरला की पोरं खेळ सोडून आली, आणि आली ती भिंतीला पाठ लावून नुसती उभी राहिली. हाज्याने नाक पुढे करून डोळे मिटले. मी त्या पातेल्याकडे आ वासून बघत होतो. माझ्या आजीने हे झाड लावलं. मामाने याच्यावर गाव चालवलं. आईची कंबर याच्यापायी वाकली. आणि आमच्यापैकी कुणीही, तीन पिढ्यांत, त्याच्या आत काय आहे ते एकदाही पाहिलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं. जिन्याची एक पायरी तडकली, तेव्हा भानावर आलो.

सकाळी लोणी गोठलं होतं. साबणाच्या वडीसारखं घट्ट, हस्तिदंती रंगाचं. एवढ्या खटाटोपातून जेमतेम एक डबी. ते हातावर घेतलं की हाताच्या उबेने विरघळायचं. मी रोज सकाळ-संध्याकाळ चोळू लागलो, देवपूजेच्या भक्तीने. रेघा गेल्या का? नाही. अगोदर त्या फिकट होत्या, आता चकाकू लागल्या. वर बिछान्यात मुंग्यांची रांग लागली. ऑफिसात मी फायली वाचत असलो की कुणीतरी येऊन माझ्या टेबलाचे ड्रॉवर उघडून बघायचं आणि म्हणायचं, "चॉकलेट कुठे लपवलंय, मिस्टर जाम्फी?" एका बाईंचा मोटारीचा दावा मंजूर करताना त्या माझ्याकडे झुकून दोनदा हुंगून गेल्या.

तेवढ्यात आईचा फोन आला. यावेळी ती बोलली, भरपूर बोलली. "गावात काय बोलतात माहितीय? म्हणे जाम्फीला पोलिसांनी चाबकाने फोडलाय. जुना गुन्हेगार आहे. बोआहेन चौकात उभा राहून सांगतोय, की चोरट्याची पाठ राजाच्या वस्त्राखाली झाकायची का? खरं काय ते सांग मला."

"आई, मांस वाढल्याच्या रेघा आहेत."

"मग जाऊन सांग ना तसं!"

"कुणाला सांगू? सगळ्या गावासमोर पोट उघडं करून दाखवू?"

आई म्हणाली, "राणीमाता म्हणाल्या, तोंडाने काय सांगायचंय, शपथेच्या दिवशी अंग बघू. वळ निघाले तर बोआहेनचं नाव घेईन म्हणाल्या." आणि शेवटी पुन्हा, हळू आवाजात, "ती यंत्रं ओढ्याच्या पलीकडे येऊन उभी आहेत, याओ."

त्या दिवसानंतर माझं चोळणं दुप्पट झालं. मला गादीचं काही नव्हतं हो. खरं सांगतो, मला विम्याचं टेबल पुरेसं होतं. पण ओढ्याकाठी त्या झाडांखाली दुपारी जो हिरवा अंधार असतो, तो डोळ्यांसमोरून हलेना. मी लहान असताना आई मला तिथे पानांच्या ढिगावर झोपवून शेंगा फोडायची.

शपथेचा दिवस उजाडला. सकाळी मी मनाशी ठरवलं, आज कसर ठेवायची नाही. डबीतलं होतं नव्हतं ते सगळं डाव्या खांद्यावर, काखेत, पोटावर थापलं. पोकुआ म्हणाली, "अहो, पुरे." मी म्हटलं, "आजच नाही तर कधी?" मग मामाचं केन्ते गुंडाळलं, डाव्या खांद्यावर टाकलं, आणि निघालो.

इथे माझी काय चूक झाली, हे तुम्हाला कळलं असेल. मला नव्हतं कळलं. शर्टाला बटणं असतात, पॅन्टला पट्टा असतो. केन्तेला काही नसतं. केन्तेला फक्त खांदा असतो. आणि तो खांदा मी स्वतःच्या हाताने लोण्याने माखला होता.

मिरवणूक निघाली. पुढे ढोल, वर मोठी छत्री, मागे घरचे वडीलधारे. ऊन असं होतं की पत्रे करकरत होते. लोणी वितळायला लागलं. केन्ते पहिल्यांदा बोटभर घसरलं, मी वर ओढलं. पुन्हा घसरलं, पुन्हा ओढलं. वडीलधारे एकमेकांकडे बघू लागले. त्यांना वाटलं, लपवतोय. जितकं ओढावं तितकं ते सरकावं. छत्रीच्या सावलीतही माझ्या पाठीवरून घाम आणि कोको एकत्र वाहत होते. मैदानाच्या टोकाला मोठे राजे बसले होते. तिथवर टिकलं असतं तर तिथे उतरवायचंच होतं. मी मनात म्हणत होतो, थोडं थांब रे बाबा, थोडंच.

वाटेत घराण्यातल्या बायकांची रांग होती. मध्ये राणीमाता, त्यांच्या बाजूला मावश्या, मावसबहिणी, भाच्या, आणि अगदी कडेला, पाय दुखतात म्हणून लाकडी पेटीवर बसलेली माझी आई. मी तिच्यासमोर आलो आणि केन्ते गेलं. सरळ. खांद्यावरून, दंडावरून, कमरेपर्यंत.

ढोल थांबले. हे समजून घ्या. गादीवर बसणारा माणूस मोठ्या राजांखेरीज कुणापुढेही खांदा उघडा करत नाही. आणि मी तो केला होता एका शेतकरीण म्हातारीपुढे, जिच्या पायात रबरी चपला होत्या. माझा हात वस्त्र उचलायला गेला. तेवढ्यात मी आईच्या तोंडाकडे पाहिलं. ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी काहीतरी फार मोठं केलंय, आणि तिला ते झेपत नाहीये. तिचे हात मांडीवर पालथे पडले होते. चिरा पडलेले, काळ्या रेघांचे, शेंगा फोडून फोडून वाकडे झालेले हात.

वस्त्र घसरलं होतं. हे मी कबूल करतो. पण ते उचललं नाही, ते मी. हात मागे घेतला आणि तसाच उभा राहिलो, उघडा, चकचकीत, सगळ्या रेघांसकट.

"बघा!" बोआहेनचा आवाज खणखणला. "चाबकाचे वळ बघा!"

आई उठली. तिला आताशा नीट दिसत नाही. ती अगदी जवळ आली, खांद्यावर बोट फिरवलं, काखेशी फिरवलं, पोटावर फिरवलं. मग बोट नाकाशी नेलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "कोको!" ती म्हणाली. आणि मग वळून बोआहेनकडे, "वळ? अरे मेल्या, हे वळ होय? असे वळ माझ्या पोटावर या याओने उठवलेत. जन्मला तेव्हा एवढा होता!" तिने हात पसरून जो आकार दाखवला, तो बकऱ्याचा होता. "तुझ्या आईच्या पोटावर तू उठवलेस ते विचार तिला! विचार!"

बोआहेनची आई, माझी मावशी, रांगेतच उभी होती. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आहेत." मग दुसरी म्हणाली, "माझ्याही." तिसरी म्हणाली, "माझ्या मांड्यांवरसुद्धा," आणि तोंडावर हात धरला. हसू एका टोकाला सुरू झालं आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचलं. नाना आफ्राकोमा आपली काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी माझ्या रेघा बघितल्या, घाई न करता, जसं बाजारात कापड बघतात.

"माझ्या अंगावर नऊ पोरांच्या आहेत," त्या म्हणाल्या. "या गावची गादी कुठून आली, विचारा. याच रेघांतून आली. हे वैगुण्य असेल तर आम्ही सगळ्या घरी जातो, आणि गादी तुम्ही पुरुषांनी जन्माला घाला." मग त्या माझ्याकडे वळल्या. "गादीवर बसणाऱ्या कुणी आईपुढे खांदा उतरवलेला मी पाहिला नव्हता. चल. मोठे राजे वाट बघतायत."

बोआहेन गर्दीत मागे सरकला. त्याची आई त्याच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेपुढे मीही सरकलो असतो. मी तसाच, कमरेपर्यंत उघडा, ढोलांच्या मागे चालू लागलो. शपथ घेताना हाती देतात ती तलवार माझ्या हातातून दोनदा निसटली. तीही लोण्यामुळेच. पण लोकांना वाटलं की मी भारावलोय, आणि तेही खोटं नव्हतं.

पुढचा पहिला हुकूम मी काय केला, ते तुम्हाला सांगायला नको. यंत्रं गेली. त्यांच्या चाकांच्या खुणांत आता पावसाचं पाणी साठतं आणि पोरं त्यात बेडकाची पिल्लं शोधतात. मामाच्या केन्तेवर एक मोठा तेलकट डाग राहिला आहे. पोकुआ म्हणते, धुणार नाही, असू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आईच्या ओसरीवर बसलो होतो. पोकुआने पिशवीतून एक छोटी डबी काढली. मी बघतच राहिलो. "हे कुठून?"

"मी माझ्यासाठी बाजूला ठेवलं होतं. तुमच्या खांद्याला सगळं पुरवलं असतं का?" पण तिने ते स्वतःला लावलं नाही. ती आईच्या पायाशी बसली, तिचे हात मांडीवर घेतले आणि बोटांच्या चिरांमध्ये ते लोणी हळूहळू चोळू लागली. मीही एक हात घेतला. आईने कधी कुणाला हात चोळू दिले नव्हते. तिला सवय नव्हती. ती अवघडून बसली, मग सैल झाली. डबी संपत आली तेव्हा तिने हात डोळ्यांजवळ नेले, हुंगले, एक हात दुसऱ्यावर फिरवून बघितला, आणि ओढ्याकाठच्या झाडांकडे पाहत हळूच म्हणाली, "इतकं मऊ असतं होय रे आत?"